वेळेची मंजुरी : मंत्र्यांच्या डायरीमागचे कार्यालय

(दृश्य : मंत्रालयातील एका दालनाला लागून असलेली खोली. टेबलावर उघडी डायरी, दोन दूरध्वनी, टपालाचा गठ्ठा.)

मंत्र्यांच्या दालनात जाण्याआधी एक खोली लागते. या खोलीतल्या टेबलावर जी डायरी असते तिच्यात नाव चढल्याशिवाय आतले दार सहसा उघडत नाही. निधीची मंजुरी, पदांची मंजुरी, प्रकल्पाची मंजुरी यांवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहिले जातात. पण या सगळ्यांच्या आधी वेळेची मंजुरी मिळावी लागते आणि ती देणाऱ्या माणसांविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा माहितीपट त्यांच्या कामाविषयी आहे.

राज्यघटनेतील ९१व्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर आणून ठेवली. त्यामुळे २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ जणांचे मंत्रिमंडळ होऊ शकते. ३६ जिल्ह्यांच्या राज्यातील बहुतेक मोठे प्रश्न शेवटी याच मूठभर माणसांच्या दिवसात जागा शोधत येतात. ज्येष्ठ मंत्र्यांकडे खाते मोठे असते, एखाद्या जिल्ह्याचे पालकमंत्रिपद असते, स्वतःचा मतदारसंघ असतो, पक्षाची जबाबदारी असते; आणि या चारही ठिकाणची माणसे एकाच दिवसाच्या वेळेवर हक्क सांगत असतात.

डायरीची मुख्य जबाबदारी खाजगी सचिवांकडे असते. ते बहुधा शासनाच्या सेवेतीलच अधिकारी असतात आणि त्यांच्या नेमणुकीला मुख्यमंत्र्यांची मान्यता लागते. त्यांच्या हाताखाली विशेष कार्य अधिकारी, स्वीय सहायक, लघुलेखक, लिपिक आणि शिपाई असा कर्मचारीवर्ग काम करतो. हे पद बाहेरून दुय्यम दिसत असले तरी त्यातून तयार होणारी समज मोठी असते. यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा त्यांचे खाजगी सचिव म्हणून काम पाहणारे राम प्रधान पुढे केंद्रीय गृहसचिव आणि अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल झाले. वरिष्ठ माणसाचा दिवस जवळून आखताना राज्य कसे चालते, हे फार लवकर कळते.

(दृश्य : डायरीचे एक पान, जवळून. काही नोंदी पेनाने, काही पेन्सिलीने.)

नमुन्यादाखल एका दिवसाचे पान पाहू. सकाळी नऊ वाजता शासकीय निवासस्थानी मतदारसंघातील लोकांच्या भेटी, अकरा वाजता मंत्रिमंडळाची बैठक, दुपारी दोननंतर अभ्यागत, चार वाजता विभागाचा आढावा आणि संध्याकाळी सह्याद्री अतिथीगृहावर एका शिष्टमंडळासोबत चर्चा. कागदावर हे पान नेटके दिसते. पण मंत्रिमंडळाची बैठक कधी संपेल, हे कोणालाच ठाऊक नसते. ती एक तासात आटोपू शकते किंवा तीन तास चालू शकते. म्हणून अनुभवी कार्यालयात तिच्या पुढच्या नोंदी पेन्सिलीने केलेल्या असतात, आणि तिच्यानंतर लगेच कोणत्याही बाहेरगावच्या माणसाला वेळ दिला जात नाही. त्या जागी विभागातल्या अधिकाऱ्यांची बैठक ठेवतात, कारण ते त्याच इमारतीत असतात आणि निरोप मिळताच दालनात पोहोचू शकतात. ही पद्धत कोणत्या शासन निर्णयात लिहिलेली नाही. ती कामातून आलेली आहे.

वेळेची मागणी येण्याचे मार्गही अनेक आहेत. आमदारांची पत्रे येतात, टपालातून निवेदने येतात, दूरध्वनी येतात, भ्रमणध्वनीवर संदेश येतात; दौऱ्यात गाडीच्या खिडकीतून हातात दिलेल्या चिठ्ठ्या येतात, आणि स्वतः मंत्रीसुद्धा एखाद्या समारंभात कोणाला तरी "बुधवारी या" असे सांगून मोकळे होतात. हे शेवटचे आश्वासन कार्यालयाला कळलेच नाही, तर बुधवारी दालनाबाहेर एक माणूस उभा राहतो, ज्याचे नाव कोणत्याही यादीत नाही. म्हणून जाणते खाजगी सचिव दोन पथ्ये कसोशीने पाळतात. डायरीत लिहिणारा हात एकच असला पाहिजे, आणि दौऱ्यावर सोबत गेलेल्या स्वीय सहायकाने रात्री परतण्यापूर्वी साहेबांनी दिवसभरात कोणाकोणाला वेळ दिली, हे कळवलेच पाहिजे.

एखाद्या विषयावर "बैठक लावणे" हे मंत्रालयातले रोजचे काम आहे. समजा, एखाद्या तालुक्यातील रखडलेल्या पाणीपुरवठा योजनेसाठी आमदारांनी बैठकीची मागणी केली. मंत्र्यांनी पत्रावर "बैठक आयोजित करावी" असा शेरा मारला की खरे काम सुरू होते. विभागाकडून सद्यःस्थितीची टिपणी मागवावी लागते; सचिवांची, संबंधित अभियंत्यांची आणि जिल्हाधिकाऱ्यांची उपलब्धता पाहावी लागते; जे मुंबईत येऊ शकत नाहीत त्यांना दूरदृश्य प्रणालीने जोडून घ्यावे लागते; विषयपत्रिका आणि सूचनापत्र काढावे लागते. टिपणी न येता बैठक झाली, तर अर्धा तास माहिती गोळा करण्यात जातो आणि शेवटी "पुढील बैठकीत निर्णय घेऊ" एवढेच ठरते. चांगल्या कार्यालयात म्हणून आदल्या संध्याकाळपर्यंत टिपणी आली नाही, तर तारीख पुढे ढकलण्याची सूचना खाजगी सचिव स्वतःहून मांडतात, मग कोणाचा रोष पत्करावा लागला तरी चालेल. आणि बैठक झाल्यावर इतिवृत्त वेळेत निघते की नाही, हे पाहणेही डायरीच्याच कामात धरले पाहिजे, कारण इतिवृत्त निघाले नाही तर तोच विषय तीन महिन्यांनी पुन्हा वेळ मागत येतो.

(दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, सकाळ. त्यानंतर मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावरील पासची रांग.)

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, मराठवाड्यातून देवगिरी एक्स्प्रेस आणि गोंदिया-नागपूरकडून विदर्भ एक्स्प्रेस या गाड्या रात्रभराचा प्रवास करून सकाळी मुंबईत पोहोचतात. त्यांतून उतरणाऱ्यांमध्ये हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे घेतलेली अशी काही माणसे रोज असतात, ज्यांना मंत्रालयात जायचे असते. सर्वसाधारण अभ्यागतांना प्रवेश दुपारी दोनच्या सुमारास सुरू होतो. सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ ती कोठेतरी काढतात, कोणी ओळखीच्या आमदारांच्या आकाशवाणी आमदार निवासातील खोलीवर, कोणी समोरच्या पदपथावर. मग ओळखपत्र, पास, तपासणी असे टप्पे पार करून ती दालनाबाहेरच्या बाकावर येऊन बसतात.

या माणसाला आत पाच मिनिटे मिळतात, कधी दोनच. कार्यालयाच्या दृष्टीने ती एक नोंद असते. त्याच्या दृष्टीने दोन रात्रींचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि उसने घेतलेले भाडे असते. २०१८ मध्ये मंत्रालयाच्या आतील मोकळ्या चौकावर संरक्षक जाळी बसवावी लागली, कारण दाद मागायला आलेल्या माणसांनी याच इमारतीत जीव देण्याचे प्रयत्न केले होते. त्या जाळीकडे पाहताना अभ्यागतांची यादी हा निव्वळ शिष्टाचाराचा कागद वाटेनासा होतो. ज्याचे घर जितके दूर त्याचा वेळेवर हक्क तितका मोठा, हे तत्त्व प्रत्येक दालनात पाळले गेले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते. मुंबईतला उद्योजक किंवा पदाधिकारी उद्या पुन्हा येऊ शकतो; गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून आलेल्या माणसाला उद्याही येथेच थांबावे लागते.

काही खाजगी सचिव यासाठी एक साधी व्यवस्था करतात. स्वीय सहायकांपैकी एक जण बाकावर बसलेल्या प्रत्येकाचे निवेदन आधीच वाचून घेतो, आणि जे काम मंत्र्यांच्या पातळीवरचे नाही, तेथे लगेच जिल्हा कार्यालयाला दूरध्वनी लावून देतो. पुष्कळांचे काम एवढ्यावरच मार्गी लागते. ज्यांना खरोखर मंत्र्यांशी बोलायचे असते, त्यांच्या निवेदनावर एका ओळीत विषय लिहून ते आत जाते, म्हणजे मिळालेल्या पाच मिनिटांतली तीन मिनिटे गाव, तालुका आणि गट क्रमांक सांगण्यात जात नाहीत.

दौऱ्याची डायरी वेगळीच असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा माहिती कार्यालय यांना जाणाऱ्या दौरा कार्यक्रमाची भाषा ठरून गेलेली आहे : "मोटारीने प्रयाण", "शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव", "सांत्वनपर भेट", "सोयीनुसार मुंबईकडे प्रयाण". यांतील प्रत्येक शब्दामागे काम आहे. सांत्वनपर भेटीला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात मोठे मोल असते. कार्यकर्त्याच्या घरी दुःख झाले आणि जवळून जाऊनही नेता थांबला नाही, ही गोष्ट गाव वर्षानुवर्षे विसरत नाही. म्हणून दौरा आखताना मार्गावरील गावांतून अशा घरांची माहिती आधी मागवून घेतात. "राखीव" ही नोंद वाचणाऱ्याला रिकामी वाटते, पण कार्यक्रमांना झालेला उशीर भरून निघतो तो तिच्यातूनच. तीही उद्घाटनाने भरून टाकली, तर संध्याकाळच्या सभेतले लोक दोन तास ताटकळत बसतात.

वर्षातले काही दिवस डायरीत आधीच छापलेले असावेत इतके पक्के असतात. १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दिवशी पालकमंत्र्यांना जिल्ह्याच्या मुख्यालयी ध्वजारोहणासाठी हजर राहायचे असते. आषाढी एकादशीला पंढरपूरची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते मध्यरात्रीनंतर होते. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की शासकीय दौरा आणि प्रचाराचा दौरा एकत्र करता येत नाही, म्हणून त्या काळात वाहन, विश्रामगृह आणि सोबतचे कर्मचारी यांचा हिशेब काटेकोरपणे वेगळा ठेवावा लागतो.

(दृश्य : नागपूर, विधानभवन परिसर, डिसेंबर. फायलींच्या पेट्या उतरवल्या जात आहेत.)

अधिवेशनात मात्र डायरीची सूत्रे पूर्णपणे सभागृहाकडे जातात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते. हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून नागपुरात होते, आणि त्यासाठी मंत्री कार्यालये संगणक व नस्त्यांसह तिकडे जातात. दिवसाची सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासाने होते. मंत्र्यांना विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत बोलता येते, आणि अडचण येथेच उद्भवते, कारण एकाच वेळी एकीकडे त्यांचा तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावा लागणारा प्रश्न, आणि दुसरीकडे लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सदस्याने वेधलेले लक्ष, येऊ शकते. खाजगी सचिव दोन्ही कामकाजपत्रिका समोर ठेवून कोठे स्वतः मंत्र्यांनी जायचे आणि कोठे राज्यमंत्र्यांनी उत्तर द्यायचे, हे आधी ठरवून घेतात. त्या आठवड्यांत रात्री उशिरा अधिकाऱ्यांसोबत उत्तरांची तयारी चालते, आणि पुढच्या सकाळची पहिली भेट कितीही महत्त्वाच्या माणसाची असली तरी ती नाकारण्याचे धैर्य कार्यालयाला दाखवावे लागते.

आता डायरीतल्या सर्वांत उपेक्षित नोंदीकडे वळू. मंत्री केवळ प्रशासन पाहत नाहीत. काही कायद्यांखाली त्यांच्यापुढे अर्धन्यायिक सुनावण्याही, म्हणजे न्यायालयासारख्या दोन्ही बाजू ऐकून निर्णय देण्याच्या सुनावण्या, चालतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यांखालील अनेक वाद शासनाकडे अपिलात किंवा पुनरीक्षणात येतात. जमिनीच्या फेरफारावरून, म्हणजे नोंदीतल्या मालकीच्या बदलावरून, भांडणारे दोन भाऊ, आपापल्या वकिलांसह, ठरलेल्या तारखेला मंत्रालयात येतात. तातडीची दुसरी बैठक निघाली की डायरीतून सर्वांत आधी काढली जाते ती बहुधा हीच नोंद, कारण तिच्यामागे कोणी आमदार किंवा शिष्टमंडळ उभे नसते. दोन्ही भाऊ पुढची तारीख घेऊन परत जातात.

सुनावणी पार पडली तरी काम अर्धेच झालेले असते, कारण आदेश लिहून व्हायचा असतो. १९५८ मध्ये आंध्र प्रदेशातील बस वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात, गुल्लपल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने निर्णय द्यायचा, हे न्याय्य सुनावणीच्या तत्त्वात बसत नाही. तेथे हरकती सचिवांनी ऐकल्या होत्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी घेतला होता. या तत्त्वाचा डायरीशी थेट संबंध आहे. खातेबदल झाला किंवा सरकार गेले, तर ऐकून झालेली पण आदेश न निघालेली प्रकरणे नव्या मंत्र्यांपुढे पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागतात, आणि त्या भावांना तोच प्रवास पुन्हा करावा लागतो. म्हणून सुनावणीची तारीख लिहितानाच, तिच्यापाठोपाठच्या आठवड्यात आदेशासाठी दोन तास वेगळे लिहून ठेवणारे खाजगी सचिव आपल्याला हवे आहेत. आणि ती नोंद पेन्सिलीने नव्हे, पेनाने केलेली असावी.