उतार मोजायला शिका, नागपुरातच

हिवाळ्यात नागपूरहून केदारकांठ्यासारख्या बर्फातल्या ट्रेकला जाणारे सरावासाठी रामटेकचा गड चढतात, सेमिनरी हिल्सवर पळतात. दमसास वाढतो. त्याच चढणीवर उतार मोजायचीही सवय लावा; बर्फात हिमस्खलनाचा धोका ओळखायला ती कामी येते. ट्रेकिंग पोल चढाच्या दिशेने जमिनीवर लांबीभर टेकवा, त्यावर मोबाईल कडेवर उभा ठेवा आणि कोन मोजणाऱ्या ॲपमध्ये अंश वाचा. आधी अंदाज बांधा, मग मोजा. नुसत्या नजरेवर किती विसंबावं, ते इथेच कळतं.

हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं. त्याहून खूप उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. आपली वाट २० अंशांची असली, तरी डोक्यावरचा उतार ३५ अंशांचा असेल, तर धोका आहेच.

मोठ्या हिमवृष्टीनंतर आभाळ निवळतं, ऊन पडतं, आणि सगळ्यांना निघायची घाई होते. पण पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट. खाली साखरेसारखा सुट्या दाण्यांचा थर असेल, तर वरच्या नव्या बर्फाचा भार त्याला पेलत नाही; एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटते. बर्फ पडला नाही तरी वारा तो उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला रचतो. शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसली, पायाखालून भेग पळाली किंवा 'ढप्प' असा आवाज होऊन बर्फ खचला, तर आल्या वाटेने परत फिरा. गाईड 'काही होत नाही' म्हणाला, तरीही.

धोक्याचा पट्टा ओलांडावाच लागला, तर एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

गाडलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांत सापडला, तर वाचण्याची शक्यता बरीच असते. पुढे ती झपाट्याने घटते. म्हणून ट्रान्सीव्हर (बर्फाखालूनही सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. ट्रान्सीव्हर अंगावर, जॅकेटच्या आत आणि चालू. मोबाईल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोध घेताना ५० सेंटिमीटर, नाहीतर सिग्नल बिघडतो. प्रोब माणसाला लागला की तो तसाच रोवून ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत जा. वरून उभा खड्डा खणला, तर आपलंच वजन त्याच्यावर पडतं. आधी तोंड-नाक मोकळं करा, मग छाती.