गूळ पिवळाच का हवा?

(दृश्य: कोल्हापूर. शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे.)

दिवाळी पाडव्याला इथं मुहूर्ताचे सौदे निघतात आणि कोल्हापुरी गुळाच्या हंगामाला रंग चढतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तिथून हा व्यापार वाढला. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

सौद्यात काय बघितलं जातं, ते जरा नीट पाहा. व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, टवका काढतो, बोटांत धरतो, उजेडाकडे करतो. आधी रंग. चव मागाहून. पिवळाधमक असेल तर बोली चढते, तांबूस-काळपट असेल तर दर पडलाच म्हणून समजा. इथला बराचसा गूळ गुजरातेत जातो, तिथं शीतगृहात राहतो, आणि तिथल्या गिऱ्हाइकालाही पिवळाच लागतो. आपणही वाण्याच्या दुकानात दोन ढेपा समोर आल्या की बोट पिवळ्या ढेपेकडेच करतो.

त्या बोटाचं पुढं काय होतं, ते बघायला गुऱ्हाळावर जावं लागतं.

(दृश्य: गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या. काहिलीतून वाफ.)

घाण्यातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडतो. खाली जाळ असतो तो उसाच्याच वाळलेल्या चिपाडांचा. बाहेरचं जळण फारसं लागत नाही. या धंद्यातली ही मोठी जमेची बाजू. रस तापू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालतात, थोडी चुन्याची निवळी घालतात. भेंडीच्या चिकाला धरून सगळी घाण फेसासारखी वर येते. ती मळी. गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो. पाक आटत आला की त्याचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळून बघतो. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलेला असतो, पण गुळव्याला तापमापी लागत नाही. मग काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ जागेत, रिकामी होते आणि गार होत आलेला गूळ साच्यात भरतात. शंभर किलो उसामागं दहा-बारा किलो गूळ पडतो.

इतक्यावर गूळ तयार झाला. रंग तांबूस, विटकरी, कधी तपकिरी. साखर तापली की तिचा रंग बदलतो, आणि उसात मुळातच रंगद्रव्यं असतात. त्यामुळं गुळाचा स्वाभाविक रंग हाच.

पिवळा रंग येतो तो पावडरीनं. गुऱ्हाळावर तिला हायड्रॉस म्हणतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या धंद्यात रंग उडवायला वापरतात तेच. रसात पडलं की काळपटपणा जातो आणि गूळ खुलतो. मागं राहतो गंधकाचा अंश, सल्फर डायऑक्साइडच्या रूपात. दम्याच्या काही रुग्णांना तो त्रासदायक ठरतो, म्हणूनच गुळातल्या त्याच्या प्रमाणावर कायद्यानं मर्यादा घातली आहे. पण पावडर मोजून कोण टाकतं? ती टाकली जाते अंदाजानं, मुठीनं. गंमत म्हणजे हा रंग टिकतही नाही. हवा लागली, दिवस गेले की गूळ पुन्हा काळवंडतो. तोवर आपण पैसे देऊन मोकळे झालेले असतो.

इथं सगळा दोष गुऱ्हाळवाल्याच्या माथी मारणं सोपं आहे. पण काळा गूळ घेऊन सौद्यात उभं राहून बघा.

(दृश्य: शिरोळ तालुका. पांढरट थर आलेलं रान.)

खरी गोष्ट काहिलीच्याही आधी सुरू होते. ही जमीन क्षारपड झाली आहे. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी भरमसाट दिलं, निचरा झाला नाही, खतांचा मारा चालू राहिला आणि मीठ वर आलं. कृष्णा-पंचगंगेच्या काठची एके काळची सोन्यासारखी रानं आहेत ही. अशा रानातल्या उसाचा गूळ काळा होतो, खारट लागतो. शेवटी शेवटी युरियाचा डोस जास्त झाला तरी रसाची गोडी उतरते, गूळ मऊ पडतो, रंग बिघडतो. जमिनीनं केलेली तक्रार गुळात उतरते आणि पावडर ती पुसून टाकते. गिऱ्हाइकाला कळत नाही, भावात दिसत नाही, म्हणून शेतात काही बदलतही नाही. हायड्रॉसचं खरं नुकसान मला इथं दिसतं.

सेंद्रिय गुळाचं महत्त्वही इथूनच कळतं. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवायचं, हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडायचा, शेणखत द्यायचं. जमीन भुसभुशीत होते, पाणी मुरतं, निचरा सुधारतो. हे एका वर्षात होत नाही. प्रमाणपत्र मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात माल साध्या भावानंच विकावा लागतो. त्या ढेपेला चार पैसे जास्त पडतात त्यामागं ही वर्षं आहेत.

आता थोडं कडू बोलू. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ, असं मुळीच नाही. पाक करपला तरी गूळ काळा होतो, क्षारपड रानातला तर होतोच. साखर मिसळलेला गूळही बाजारात येतो. ‘रसायनविरहित’ लिहिलं असेल तर काहिलीत पावडर पडली नाही, एवढंच त्यातून कळतं. ऊस युरियावर वाढलेला असू शकतो. आणि सेंद्रिय गूळ हीसुद्धा बहुतांशी साखरच आहे. मधुमेह्यानं तो औषध समजून खाऊ नये. लोहाच्या नावाखाली पाकिटांवर जे काय छापतात, त्यातलं निम्मं वाचून सोडून द्यावं.

पाण्याचंही तेच. ऊस सेंद्रिय असला म्हणून कमी पीत नाही. पाटपाण्यावर डुंबणाऱ्या सेंद्रिय उसापेक्षा ठिबकवर वाढलेला आणि पाचट राखलेला ऊस मला जास्त शहाणा वाटतो.

(दृश्य: दुकान. पाकिटावरची चिन्हं जवळून.)

मग ओळखायचं कसं? पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं चिन्ह बघा. त्यामागं दोनपैकी एक व्यवस्था असते: राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे त्रयस्थ संस्थेकडून तपासणी, किंवा पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांच्या शेताची केलेली पाहणी. लहान शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग चिन्ह वापरता येत नाही. तिथं विचारपूस हाच उपाय.

आणि गूळ त्या बाबतीत सोयीचा आहे. हंगामात करवीर, पन्हाळा भागातलं गुऱ्हाळ रस्त्यालगत उघड्यावर चालू असतं. काहिलीशेजारी उभं राहून रस प्या, रसात काय काय पडतं ते बघा. बिनपावडरीचा गूळ हवा असेल तर आधीच सांगा. एकट्याची पाच किलोची मागणी असेल तर गुळव्या हसेल, पण सोसायटीतल्या वीस घरांनी मिळून अख्खी काहील ठरवली तर रंगाचं विचारायला सौद्यातला व्यापारी मध्ये येतच नाही.