आधी कसोटी, मग पाठ
(पुण्यातील कौशल्य-अभ्यासक्रमांच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षकमित्रहो, अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्थानिक लोकांसाठीचे दोन वर्षांचे महाविद्यालय, सुरू झाले. या संस्थांचे ठळक वैशिष्ट्य म्हणजे सर्वांना खुला असलेला प्रवेश. आपले कौशल्य-अभ्यासक्रमही त्याच वळणाचे आहेत. नामांकित महाविद्यालयात गुणांच्या चाळणीतून एकसारखी तयारी असलेले विद्यार्थी येतात. आपल्या वर्गात मात्र भोसरीच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलेला कामगार, बऱ्याच वर्षांनी पुन्हा वही उघडणारी गृहिणी आणि नुकताच बारावी झालेला मुलगा एकाच बाकावर बसतात. म्हणूनच पाठाची पद्धतशीर आखणी इतर कोणाहीपेक्षा आपल्याला अधिक गरजेची आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या टाचणात ‘विद्यार्थ्याला व्हर्निअर कॅलिपरची (बारीक मापे घेण्याच्या उपकरणाची) माहिती होईल’ असे उद्दिष्ट सर्रास लिहिलेले असते. माहिती झाली हे ओळखायचे कशावरून? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच सांगितले होते की, विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूक, हे तिन्ही उद्दिष्टात असायला हवे. तेव्हा आपण असे लिहू: ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचे (म्हणजे मोजता येणारे सर्वांत लहान माप तेवढे असलेले) व्हर्निअर हाती दिल्यावर विद्यार्थी शाफ्टचा, म्हणजे यंत्रातील गोल दांड्याचा, व्यास एका लीस्ट काउंटच्या फरकाच्या आत मोजील. असे लिहिले की परीक्षा आपोआप ठरते, आणि काय शिकवायचे नाही हेही कळते. व्हर्निअरच्या इतिहासावर घालवलेला अर्धा तास सरावासाठी मोकळा होतो.

यानंतरची पायरी, म्हणजे विद्यार्थी नेमका कुठे अडतो हे शोधणे, मला सर्वांत मोलाची वाटते. मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर आणि सरकपट्टीची तेरावी रेघ जुळलेली असताना एखादा विद्यार्थी २४.२६ ऐवजी २४.१३ लिहितो. त्याला उपकरण कळलेले आहे, तेराला ०.०२ ने गुणायचे मात्र राहून गेले आहे. दुसरा २४.२६ लिहितो, पण जबडे मिटल्यावर शून्याशी शून्य जुळते का, हे त्याने तपासलेलेच नसते. या दोघांना तोच पाठ पुन्हा ऐकवून काय साधणार? मोठ्या कौशल्याच्या पोटात कोणती छोटी कौशल्ये आहेत, याची उतरंड शिक्षणमानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गान्ये यांनी मांडली ती याचसाठी. दशांशाचा गुणाकार कोणाला येतो, हे पहिल्याच दिवशी दहा मिनिटांच्या चाचणीत कळू शकते.

‘पोर्शन संपवायचा असतो, एवढा वेळ कुठून आणायचा?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असला तरी एका घटकाची मांडणी आपल्याच हाती असते. वॉल्टर डिक आणि लू केरी या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या पाठ-आखणीच्या १९७८ च्या पद्धतीत नवा पाठ आधी एकेका विद्यार्थ्यासोबत, मग छोट्या गटात आणि त्यानंतर प्रत्यक्ष वर्गात वापरून पाहतात, आणि अडेल तिथे पाठ दुरुस्त करतात. येत्या सत्रात एकच घटक निवडा, त्याची कसोटी आधी लिहा आणि वर्गातल्या सर्वांत अबोल विद्यार्थ्याला शेजारी बसवून तो पाठ करून पाहा. तो जिथे थांबेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. पाठाची दुरुस्ती तिथूनच सुरू करायची आहे.