घराचा आकडा आणि वाटेचा आकडा

(कोल्हापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

जुलै उजाडला की कोल्हापुरात भेटेल तो माणूस एकच विचारतो, 'किती फूट झालं?' पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण 43 ला माझ्या दारात पाणी असतं की दोन गल्ल्या लांब, हे किती घरांत ठाऊक आहे? आजचा विषय 'घरात आणि प्रवासात कुटुंबाची सुरक्षितता' असा छापलाय. प्रवासाकडे येतो, पण आधी हे होऊ द्या.

प्रत्येक घराला दोन आकडे हवेत. बंधाऱ्यावर किती फुटाला पाणी आपल्या पायरीला लागतं, तो घराचा आकडा. आणि किती फुटाला बाहेर पडायचा रस्ता बुडतो, तो वाटेचा. खरा महत्त्वाचा दुसरा. चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या लोकांना हे सांगायला नको. तिथं घर कोरडं असतानाच रस्ता जातो. शहरातही जयंती नाल्याचं पाणी नदीच्या फुगवट्यानं मागं सरतं आणि नदी न दिसणाऱ्या गल्लीत शिरतं. भाड्यानं नवीन आला असाल तर शेजारच्या आजींना विचारा, भिंतीवरचा जुना डाग बघा. वाटेच्या आकड्यातून तीन फूट वजा करा आणि उरेल तो मीटरच्या पेटीशेजारी रंगानं लिहा. तेवढे फूट झाले की निघायचं, चर्चा नको.

'2019 ला इथंवर आलं नव्हतं' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. 2019 ला बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता याहून जास्त काय येणार. दोनच वर्षांत, 2021 ला, ते 56 च्या वर गेलं. 2019 च्या खुणेच्या जेमतेम वर सामान ठेवून निर्धास्त राहिलेल्यांचं ते सामान भिजलं. मागचा पूर ही वरची मर्यादा नव्हे. आणि पंचगंगेच्या पुलावर पोरं खांद्यावर घेऊन पाणी बघायला जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तो वेळ घर आवरायला द्या.

आता गॅसची टाकी. भरलेली टाकी जड, ती जागची हलणार नाही, असा समज आहे. हिशेब करा. रिकामी टाकी साधारण 15-16 किलो, गॅस 14.2 किलो, मिळून 30 किलो. टाकीच्या आतली जागाच 33 लिटरची, म्हणजे ती पूर्ण बुडाली तर 33 किलोहून जास्त पाणी बाजूला सारते. म्हणून भरलेली टाकीसुद्धा तरंगते, आडवी होते, रबरी नळीला हिसका बसतो आणि गॅस सुटतो. निघताना रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीचं दोरी लावलेलं टोपण घट्ट बसवा आणि टाकी उभी ठेवून खिडकीच्या गजाला दोन ठिकाणी बांधा.

वीज. मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद करा, ओल्या पायांनी नाही. इथं एक चूक हमखास होते. मेन पाडलं तरी इन्व्हर्टर घरात वीज देतच राहतो. तो त्याच्या बटणानं बंद करा, मग बॅटरीची आधी काळी आणि नंतर लाल वायर सोडवा. पूर ओसरल्यावर वायरमननं वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मेन चढवायचं नाही.

पाणी. पुरात उपसा केंद्रंच बुडतात, त्यामुळं महापूर आणि कोरडे नळ एकदमच येतात. माणशी रोज चार लिटर, पिण्याला आणि स्वयंपाकाला. चौघांचे पाच दिवसांचे 80 लिटर झाकून, उंचावर ठेवा. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या, चिठ्ठीसकट.

वेळ संपल्याची खूण झालीय, प्रवास धावत सांगतो. रस्त्यावर वाहतं पाणी असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी बाजूला ढकलू शकतं. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्यातच उतरा. धुक्यात दिवे खाली पाडा, वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मागच्या सीटवरही पट्टा लावा, आणि लेकरू मांडीवर घेऊन पुढं बसू नका. मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108, गॅसगळतीला 1906. हे तीन नंबर मोबाइलमध्ये आहेतच, पण कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पुरात बॅटरी चार्ज करायला वीज नसते.