काचेवरचा अनुस्वार

(गिरगावातल्या एका वाचनालयात जून २०२५ च्या अखेरीस दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, भर पावसात इतकी माणसं आलात, तेव्हा आधी सगळ्यांना नमस्कार. ठाकुरद्वारच्या नाक्यावर पाणी साचलंय, म्हणून मला दहा मिनिटं उशीर झाला. ती दहा मिनिटं माझ्या वेळेतून कापायची, असं चिटणीसांनी दारातच सांगितलंय.

पत्रिकेवर विषय छापलाय: ‘फोन, टॅब्लेट आणि संगणक यांची नवी अपडेट्स’. या महिन्यात घोषणांचा नुसता पाऊस पडला. ९ जूनला ॲपलने वर्षभराचा सगळा बेत मांडला. दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, गुगलने अँड्रॉइड १६ बाहेर काढलं. आणि येत्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चा आधार काढून घेणार आहे. तिन्हींवर मी बोलणार आहे. पण त्याआधी मी या गोष्टींकडे कुठून बघते ते सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं तुम्हाला हट्टी वाटेल.

मी तीस वर्षं मराठी डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावते. लग्नपत्रिका, अहवाल, काव्यसंग्रह, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. माझे वडील याच गिरगावात छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यामुळे नवं सॉफ्टवेअर जाहीर झालं की ते किती वेगवान आहे हे मी आधी बघत नाही. आपलं अक्षर त्यात कसं दिसतं, कसं लिहिलं जातं, ते बघते. या महिन्यातही मी तेच केलं.

आता एक हकिगत. ही मी पूर्ण सांगणार, चिटणीसांनी घड्याळाकडे बघितलं तरी.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. दसरा होऊन गेला होता. एका दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे होतं, १९२ पानं. म्हणजे सोळा पानी बारा फॉर्म. फॉर्म म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा. नऊ फॉर्म छापायला लोअर परळला गेले होते, तीन माझ्याकडे होते. लेखकांच्या दुरुस्त्या आलेल्या, लाल शाईने कागद माखलेले. रात्री साडेअकराला मी दमून संगणक बंद करायला गेले, तर पडद्यावर आलं: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. मी म्हटलं, होऊ दे. चांगलंच असणार. गाळ्याला कुलूप लावून घरी गेले.

सकाळी पानं उघडली. पानं दिसत होती, चित्रं जागच्या जागी, मथळे जागच्या जागी. पण एक अक्षर बदलता येईना. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं. डोंगल म्हणजे संगणकाच्या पाठीत खोचायची बोटाएवढी किल्ली. ती खोचलेली असेल तरच मराठी टाइप व्हायचं. रात्रीच्या अपडेटनंतर संगणक त्या किल्लीला ओळखच देईना. मी काढली, पुसली, पुन्हा लावली, दुसऱ्या भोकात लावली. काही नाही.

टायपिंगच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, नवी आवृत्ती घ्या. किंमत ऐकून मी खाली बसले. संगणकाच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, टायपिंगवाल्यांना विचारा. नावं मी कुणाचीच घेत नाही, पण त्या दिवशी मी या दोघांच्या मधे उभी होते आणि मागे छापखान्याचा मालक दर तासाला फोन करत होता. यंत्र रिकामं ठेवलं होतं त्याने माझ्यासाठी.

चालत लॅमिंग्टन रोडचा संगणक-बाजार गाठला. तिथे एक पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा, डोंगल हातात घेऊन म्हणाला, ‘ताई, चीज चांगली आहे. मशीनला विसर पडलाय.’ त्याने चार तास खटपट केली आणि एक पैसा घेतला नाही, कारण जमलं नाही.

शेवटी आठवण झाली कांदिवलीच्या मैत्रिणीची. तिच्याकडे जुना संगणक होता, इंटरनेटला कधीच न जोडलेला. म्हणून त्याला कुणी अपडेट केलं नव्हतं. पेन ड्राइव्ह, डोंगल आणि लाल शाईचे कागद पिशवीत घालून मी चर्नी रोडहून गाडी पकडली. दोन रात्री तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीन फॉर्म पुरे केले. एकच लेख उशिरा आला होता, तो युनिकोडमध्ये होता, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतात. तो आमच्या जुन्या फॉन्टात बदलून घेतला, घाईत वाचला, आणि लावला.

अंक वसुबारसेला बाहेर पडला. चार दिवसांनी त्या लेखाच्या लेखकांचा फोन. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर डोंगर तुडवलेले. म्हणाले, ‘बाई, मी सह्याद्रीत दर्या नेला नव्हता हो.’ लेखात जिथे जिथे ‘दऱ्या’ होतं, तिथे तिथे ‘दर्या’ छापलं होतं. खोल दऱ्यांचा दर्या झाला, समुद्र! फॉन्ट बदलताना अर्ध्या र ची ती चंद्रकोर नाहीशी झाली आणि रफार डोक्यावर जाऊन बसला. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. ते मला आजही लागतं.

ही चंद्रकोर नीट समजून घ्या. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक तेवढाच आहे. एकात गुरुजी येतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. आणि गंमत अशी की युनिकोडमध्ये ही चंद्रकोर दोन रीतींनी साठवता येते. दिसायला दोन्ही सारख्या, पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधलात तर संगणक सांगतो, सापडत नाही. ‘ॲप’ या शब्दाचंही तेच. आपला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये. त्याआधीचे लोक अ वर चंद्र ठेवायचे किंवा हिंदीतला ऍ वापरायचे. तुमच्या फोनमध्ये हा शब्द आजही तीन तऱ्हांनी पडलेला असेल.

आपल्या अक्षरावर मुंबईत फार मोठं काम झालेलं आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांचं वळण अजून डोळ्यांसमोर आणा. पवईला आयआयटीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ फॉन्ट घडवला, म्हणून आपण विंडोजवर मराठी वाचू लागलो. माझे वडील डिग्री टाइप जुळवायचे. मधल्या ओळीत अक्षर, वरच्या ओळीत मात्रा आणि अनुस्वार, खालच्या ओळीत उकार. तिन्ही वेगळे. वरच्या ओळीतलं टिंब सैल बसलं तर छापताना उडायचं. ‘टिंब उडालं’ हा छापखान्यातला रोजचा शब्द. वडील प्रत्येक पानावरून बोट फिरवायचे, डोळ्यांनी नव्हे, बोटाने, आणि सांगायचे, इथलं उडालंय.

आता ९ जूनकडे येते.

ॲपलने नवं रूप जाहीर केलं, लिक्विड ग्लास. बटणं, पट्ट्या, सूचना, सगळं काचेचं. खालचं चित्र आरपार दिसतं, कडेला वाकतं, बोट लावलं की पाण्यासारखं हलतं. मी ते सादरीकरण रात्री साडेदहाला बसून पूर्ण पाहिलं. सुंदर आहे, मनापासून सांगते. कुणीतरी प्रेमाने केलेलं काम आहे ते. पण त्यातलं प्रत्येक अक्षर रोमन होतं. रोमन अक्षराचा जीव त्याच्या अंगात असतो. आपल्या अक्षराचा अर्धा जीव शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली असतो.

म्हणून मी एक प्रयोग केला. माझ्याकडे ट्रेसिंग पेपर कायम असतो, छपाईची प्लेट करायला लागतो. त्यावर फोनवरच्या सूचनेएवढ्या आकारात, पांढरट करड्या रंगात, दोन ओळी छापल्या. ‘तुझं खत मिळालं.’ ‘तुझी खंत कळली.’ आणि तो कागद मरीन ड्राइव्हच्या भरतीच्या फोटोवर ठेवला, फेसाळ लाट कठड्यावरून उसळते ना, त्या फोटोवर. हे बघा, मागेपर्यंत जाऊ द्या. आकाशाच्या भागावर कागद ठेवलात तर सगळं वाचता येतं. आता हळूहळू खाली, फेसावर सरकवा. काय झालं? अक्षर दिसतं, काना दिसतो, वेलांटी ओळखू येते. टिंब गेलं. खंत गेली, खत उरलं.

माझ्या वडिलांच्या बोटाला हे कळलं असतं. काचेवर बोट फिरवून काय कळणार?

हा घरगुती प्रयोग आहे, ॲपलच्या प्रयोगशाळेतला नव्हे. पण चाचणीची पहिली आवृत्ती आल्या दिवसापासून इंग्रजी वाचणारेही म्हणतायत की अक्षर दिसायला त्रास होतो. मग ज्या लिपीत एका टिंबाने अर्थ फिरतो तिचं काय? माझी मागणी साधी आहे. नवं रूप जगापुढे ठेवण्याआधी ते देवनागरीत, बंगालीत, अरबीत लावून बघा. गेल्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. तो दर्जा फोनच्या पडद्यावरही दिसायला हवा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मुलांचा तबल्याचा वर्ग आहे, त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. आता भराभर.

फोन. आयफोनचं नवं सॉफ्टवेअर १८ वरून थेट २६ वर गेलंय, सगळ्या यंत्रांना आता एकच आकडा, वर्षावरून. घाबरू नका, मधलं काही चुकलेलं नाही. आयफोन ११ आणि पुढच्यांना ते मिळेल. एक्सआर आणि एक्सएसवाल्यांना मिळणार नाही. बोलताना आणि मेसेजमध्ये थेट भाषांतर येतंय, पण जाहीर झालेल्या यादीत एकही भारतीय भाषा नाही. हे मला काचेपेक्षा जास्त टोचलं. काच त्रास देत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, त्यात रिड्यूस ट्रान्सपरन्सी. हे बटण आजच्या फोनवरही आहे, आज घरी गेल्यावर चालू करून बघा. अँड्रॉइड १६ आधी गुगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनना मिळालंय, बाकी कंपन्या आपापल्या सवडीने देतील. त्याचं नवं रंगीत, ठसठशीत रूप वर्षाच्या उत्तरार्धात येणार आहे. तिथे अक्षरं जाड आहेत, आणि त्यात मला आशा वाटते.

टॅब्लेट. इथे मी खरोखर खूश आहे. आयपॅडवर आता खिडक्या लहानमोठ्या करता येतील, हव्या तिथे ठेवता येतील, वर मेन्यूची पट्टी येईल. आयपॅड २०१० चा. पंधरा वर्षं लोक हे मागत होते. एका बाजूला मूळ प्रत, दुसऱ्या बाजूला प्रूफ, असं वाचता येईल. प्रूफ वाचणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं?

संगणक. ॲपलच्या मॅक संगणकाचं नवं सॉफ्टवेअर ‘टाहो’ हे इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी शेवटचं. जुना इंटेल मॅक असेल तर नवा घ्यायची घाई करू नका, आहे ते चालेल, पण पुढच्या वर्षीच्या आवृत्तीची वाट बघू नका. तुम्ही कॉपी केलेल्या मागच्या गोष्टी स्पॉटलाइट, म्हणजे मॅकमधली शोधायची सोय, आता लक्षात ठेवेल, हे लिहिणाऱ्यांना फार उपयोगी.

आणि विंडोज १०. हे नीट ऐका, कारण या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या संगणकावर तेच असणार. १४ ऑक्टोबरनंतर सुरक्षेची अपडेट्स थांबतील. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर. तुमच्या आठ-दहा वर्षांच्या संगणकात ते बहुधा नसेल. म्हणून तो फेकू नका. परवाच, २४ जूनला, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेट्स घेता येतील. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवलात तर पैसे न देता, नाहीतर तीस डॉलर भरून.

तारीख बघितलीत ना? १४ ऑक्टोबर. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. म्हणजे दिवाळी अंकांची शेवटची पानं लागत असतील नेमक्या त्याच आठवड्यात. अंक काढणारे जे कुणी इथे बसले असतील त्यांनी गणपतीच्या आधी, आत्ता जुलै-ऑगस्टमध्ये, काय करायचं ते ठरवा. डोंगलवर चालणारं मराठी अजून वापरत असाल तर जुन्या फायली आधी युनिकोडमध्ये घ्या. घेतल्यावर त्यात ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून, एकेक करून, डोळ्यांनी बघा. मग अपडेटचं बटण दाबा.

तबलेवाली मुलं दारात आलीत. तो ट्रेसिंग पेपर कुणाकडे आहे? मागच्या रांगेत? तेवढा परत द्या, माझ्याकडे एकच आहे. ज्यांना विंडोज १० बद्दल विचारायचंय त्यांनी खाली चपलांच्या स्टँडपाशी थांबा. संगणक किती वर्षांचा आहे आणि त्यावर मराठी कशाने टाइप करता, एवढं कागदावर लिहून आणलंत तर लवकर होईल.