‘व्हॉयर्स’: रॉब हॅलफर्डचा 1998 चा अल्बम आणि चाहत्यांची पहिली प्रतिक्रिया

[दृश्य : सीडी प्लेअरचा कप्पा उघडतो, चकती आत जाते. अजून संगीत नाही.]

मार्च 1998 मध्ये ‘टू’ नावाच्या बँडचा ‘व्हॉयर्स’ हा पहिला अल्बम बाजारात आला. बँड नवा होता, गायक मात्र नवा नव्हता. ब्रिटनमधल्या जुडास प्रीस्ट या बँडच्या रॉब हॅलफर्डला मेटलचे, म्हणजे कर्कश गिटारींच्या जोरकस हेवी मेटल रॉक संगीताचे चाहते तोवर ‘मेटल गॉड’ म्हणू लागले होते, आणि त्याने प्रीस्ट सोडून सहा वर्षे होत आली तरी तो आज ना उद्या पुन्हा आपल्या जुन्या आवाजात गाईल, ही आशा त्यांनी सोडलेली नव्हती. बहुतेकांनी ही सीडी विकत घेतली ती याच आशेवर.

[ध्वनी : ‘पेनकिलर’ या गाण्याची सुरुवात. आधी फक्त ड्रम.]

तो जुना आवाज कसा होता, हे समजून घेतल्याशिवाय पुढची निराशा समजणार नाही. 1990 मध्ये आलेल्या जुडास प्रीस्टच्या ‘पेनकिलर’ या अल्बमचे शीर्षकगीत स्कॉट ट्रॅव्हिसच्या ड्रमवादनाने सुरू होते. दोन्ही पायांनी वाजणाऱ्या बेस ड्रमचा तो भडिमार काही क्षण एकटाच चालतो, मग दोन गिटारी त्यावर येऊन आदळतात, आणि हॅलफर्ड तोंड उघडतो तो थेट तारसप्तकात, जिथे बाकीचे गायक गाण्याच्या शेवटी, तेही बिचकत पोचतात. त्या उंचीवरही शब्द न् शब्द धारदार ऐकू येतो. चाहत्यांच्या लेखी हॅलफर्ड म्हणजे ही किंकाळी, तिच्यावरचा ताबा आणि तिच्या आधाराला सतत असलेल्या दोन गिटारी.

‘व्हॉयर्स’ची सुरुवात ‘आय ॲम अ पिग’ या गाण्याने होते. यंत्राचा एकसुरी ठोका, कर्कश केलेली गिटार, पार्श्वभूमीला विजेच्या तारांसारखी गुणगुण, आणि या सगळ्याच्या तळाशी मंद्र सप्तकात जवळजवळ कुजबुजणारा एक आवाज. त्या आवाजावरही यंत्राने संस्कार केलेले. किंकाळी आता येईल, मग येईल म्हणून ऐकणारा वाट पाहत राहतो आणि गाणे संपते. अल्बममध्ये अकरा गाणी आहेत; अकराव्या गाण्यापर्यंत चिकाटीने ऐकणाऱ्यालाही ‘पेनकिलर’चा हॅलफर्ड भेटत नाही. जुन्या चाहत्यांची पहिली प्रतिक्रिया रागाची नव्हती. ती गोंधळाची होती, कारण वेष्टनावर ज्याचे नाव आहे तोच माणूस आत गातो आहे, हेच त्यांना पटत नव्हते. राग त्यानंतर आला.

हॅलफर्ड इथवर पोचला कसा, हे थोडक्यात सांगता येईल. 1992 मध्ये तो जुडास प्रीस्टमधून बाहेर पडला आणि ट्रॅव्हिसलाच सोबत घेऊन त्याने ‘फाइट’ हा बँड काढला. त्या बँडचा 1993 चा ‘वॉर ऑफ वर्ड्‌स’ हा अल्बम जाडजूड, रागीट, पण निःसंशय मेटल होता आणि चाहत्यांनी तो आपला मानला. 1995 च्या दुसऱ्या अल्बमला ते प्रेम मिळाले नाही, आणि फाइटही आटोपला. दरम्यान ग्रंज नावाचे नवे रॉक वाजवणाऱ्या सिॲटलच्या बँडांनी अमेरिकेतल्या रेडिओचा आणि दूरचित्रवाणीचा कब्जा घेतला होता, जुन्या मेटल बँडांना रेकॉर्ड कंपन्या दारात उभे करीत नव्हत्या, आणि चाळिशी ओलांडलेल्या गायकापुढे दोनच वाटा होत्या : जुनेच गात राहायचे किंवा नवे काही शोधायचे. हॅलफर्डने जॉन लॉरी या तरुण गिटारवादकाबरोबर दुसरी वाट धरली. हाच लॉरी पुढे ‘जॉन 5’ या नावाने प्रसिद्ध झाला.

[दृश्य : न्यू ऑर्लिन्स, मॅगझिन स्ट्रीट.]

या दोघांनी आधी ध्वनिमुद्रित केलेली गाणी गिटारप्रधान होती. ती न्यू ऑर्लिन्समध्ये नाइन इंच नेल्स या यंत्रप्रधान रॉक बँडच्या ट्रेंट रेझनरपर्यंत पोचली. रेझनरचा स्टुडिओ तेव्हा एका जुन्या अंत्यविधिगृहाच्या इमारतीत होता. या अल्बमचे पुढे जे झाले ते पाहता ही जागा फारच समर्पक म्हणावी लागेल. रेझनरने हॅलफर्डला आपल्या नथिंग रेकॉर्ड्‌स या कंपनीत घेतले आणि निर्माता डेव्ह ओगिल्वीच्या मदतीने ती गाणी उसवून नव्याने शिवली गेली. गिटारी मागे गेल्या, यंत्रे पुढे आली, आणि इंडस्ट्रियल म्हणून ओळखला जाणारा तो घुसमटलेला, धातूच्या कारखान्यासारखा नाद सगळ्या गाण्यांवर चढला. हॅलफर्डचे वय तेव्हा 46 होते आणि त्याचे नवे सहकारी त्याच्यापेक्षा एका पिढीने लहान होते.

यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. रेझनरच्या चाहत्यांना हा अल्बम त्यांच्या आवडीच्या नादात ऐकायला मिळत होता, पण त्यांच्या दृष्टीने हॅलफर्ड हा चामड्याचे कपडे घालून मोटरसायकलवरून रंगमंचावर येणारा, मागच्या दशकातला गायक होता. हॅलफर्डच्या चाहत्यांना गायक हवा होता, पण त्याच्याभोवतीचा नाद त्यांना परका होता. एखाद्या घराण्याच्या बुजुर्ग गवयाने मैफलीत अचानक दुसऱ्याच घराण्याची गायकी सुरू करावी, तेव्हा त्याचे श्रोते अस्वस्थ होऊन एकमेकांकडे पाहतात आणि त्या दुसऱ्या घराण्याचे श्रोते तर मैफलीला आलेलेच नसतात, तसे इथे झाले. दोन श्रोतृवर्ग जोडण्यासाठी काढलेला अल्बम दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडला.

चाहते इंडस्ट्रियल संगीताच्या विरोधात होते म्हणून त्यांनी ‘व्हॉयर्स’ नाकारला, असे अनेकदा सांगितले जाते. हे मला पटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॉब झोंबी या अमेरिकन मेटल गायकाचा ‘हेलबिली डिलक्स’ आला. त्यातही यंत्रांचे ठोके आणि कापून जोडलेले आवाज भरपूर होते, आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. जर्मनीच्या रामस्टाइन या इंडस्ट्रियल मेटल बँडला अमेरिकेत श्रोते मिळाले ते याच सुमारास. शिवाय प्रीस्टच्या चाहत्यांना बदलाची सवय नव्हती असेही नाही. 1986 च्या ‘टर्बो’मध्ये बँडने गिटार सिंथेसायझर वापरले, तेव्हा कट्टर चाहत्यांनी नाके मुरडली, तरीही तो अल्बम चांगला खपला, कारण यंत्र कोणतेही असो, त्यावर हॅलफर्ड हॅलफर्डसारखाच गात होता. ‘व्हॉयर्स’मध्ये बदलला तो गळ्याचा वापर, आणि चाहत्यांनी नेमके त्यावर बोट ठेवले.

[दृश्य : दोन सीडी शेजारीशेजारी.]

त्यात भर पडली ती योगायोगाची. हॅलफर्डच्या जागी जुडास प्रीस्टने टिम ‘रिपर’ ओवेन्स या अमेरिकन गायकाला घेतले होते. ओवेन्स त्याआधी प्रीस्टचीच गाणी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गात असे, म्हणजे एका अर्थी चाहत्यांपैकीच एक थेट सिंहासनावर बसला होता. त्याच्यासह केलेला ‘जुग्युलेटर’ हा प्रीस्टचा अल्बम ऑक्टोबर 1997 मध्ये आला आणि पाठोपाठ पाचच महिन्यांनी ‘व्हॉयर्स’. आता परिस्थिती अशी होती की एका सीडीवर प्रीस्ट हे नाव आणि किंकाळी होती पण हॅलफर्ड नव्हता, आणि दुसरीवर हॅलफर्ड होता पण बाकी काहीच ओळखीचे नव्हते. त्या काळातील मुलाखतींत हॅलफर्ड मेटलपासून दूर जाण्याची भाषा करीत होता, हे चाहत्यांना अल्बमपेक्षाही जास्त झोंबले. आवड बदलली असे एखाद्या गायकाने म्हणणे वेगळे. ज्यांनी वीस वर्षे आपल्याला डोक्यावर घेतले त्यांची आवड कालबाह्य झाल्याचे सुचवणे वेगळे.

आणि याच दिवसांत, अल्बम येण्याच्या काही आठवडे आधी, त्याहून मोठी गोष्ट घडली होती.

फेब्रुवारी 1998 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीला मुलाखत देताना, नव्या अल्बमविषयी बोलता बोलता, आपण आयुष्यभर समलैंगिक आहोत आणि हे आता आपण मोकळेपणाने बोलू शकतो, असे हॅलफर्डने सांगून टाकले. हे ठरवून केलेले नव्हते, असे तो पुढे वारंवार सांगत आला आहे. वाक्य तोंडातून गेले आणि स्टुडिओत कुणाच्या तरी हातातला क्लिपबोर्ड खाली पडल्याचा आवाज आला, एवढे त्याला लख्ख आठवते. हे गुपित त्याने प्रीस्टमध्ये असताना जपले, कारण ते फुटले तर चाहते पाठ फिरवतील आणि सोबतच्या चौघांची भाकरी जाईल, ही धास्ती त्याला होती. मेटल हे पुरुषीपणाचे जग मानले जाई. गंमत अशी की त्या जगाचा गणवेश, म्हणजे काळे चामडे, धातूची बटणे आणि साखळ्या, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय करण्यात सर्वात मोठा वाटा हॅलफर्डचाच होता.

म्हणजे मार्च 1998 मध्ये चाहत्यांपुढे एकदम दोन गोष्टी आल्या : त्यांच्या दैवताविषयीची एक मोठी बातमी आणि त्याचा एक अनोळखी अल्बम. भीती होती ती बातमीची. प्रत्यक्षात कुत्सित शेरे आणि विनोद झाले, नाही असे नाही, पण हॅलफर्डनेच नंतर अनेकदा सांगितल्याप्रमाणे त्याच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला आणि त्यांतील बहुसंख्य पत्रे पाठिंब्याची होती. लहान गावांत राहणारे, स्वतःविषयी घरी काही बोलू न शकणारे मेटलप्रेमी तरुण त्याला लिहू लागले. ज्या गोष्टीने कारकीर्द संपेल असे त्याला वाटत होते, ती चाहत्यांनी पचवली. पचला नाही तो अल्बम.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वात बोलका आहे, आणि तो चाहत्यांविषयीच्या ठरीव समजुतीला छेद देतो. बाहेरच्यांना वाटत होते की मेटलचा श्रोता माणसाच्या खासगी आयुष्यावर बोट ठेवेल आणि संगीत काय, गोंगाटच, तो कोणताही चालेल. झाले उलटे. ‘आय ॲम अ पिग’च्या चित्रफितीचे दिग्दर्शन प्रौढांसाठीचे चित्रपट काढणाऱ्या ची ची लारूकडे होते आणि ती मुद्दाम धक्का देण्यासाठीच बनवलेली होती, तरी चाहत्यांच्या तक्रारींचा मुख्य सूर गळा, गिटार आणि वेग यांचाच राहिला.

अल्बम स्वतः कसा आहे? तो जितका वाईट म्हणून गाजला तितका नाही. ‘डीप इन द ग्राउंड’सारख्या गाण्यांत हॅलफर्डचा खालच्या पट्टीतला, एरवी फारसा न ऐकू येणारा गळा लक्ष वेधून घेतो. पण यंत्रांच्या थराखाली तो गळा इतका दाबला आहे की, हे गाणे हॅलफर्डनेच गायला हवे होते, असे क्वचितच वाटते.

[दृश्य : रिकामा रंगमंच, गुंडाळलेल्या तारा.]

विक्री बेताची झाली. त्याच वर्षी लॉरी मॅरिलिन मॅन्सन या अमेरिकन रॉक गायकाच्या बँडमध्ये गेला, आणि ‘टू’ एका अल्बमवरच थांबला.

ऑगस्ट 2000 मध्ये हॅलफर्डने स्वतःच्या नावाच्या बँडसह ‘रिझरेक्शन’ काढला. निर्माता होता रॉय झी, ज्याने याआधी आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडमधून बाहेर पडलेल्या गायक ब्रूस डिकिन्सनला प्रयोगांच्या आडवाटेवरून पुन्हा मेटलकडे आणले होते. डिकिन्सन या अल्बमात एका गाण्यात हॅलफर्डसोबत गायलाही आहे. या वेळची पहिली प्रतिक्रिया अगदी सोपी होती. शीर्षकगीत सुरू होताच किंकाळी येते, मागे दोन गिटारी असतात, आणि दोन वर्षांपूर्वी तोंड फिरवून गेलेले चाहते परत आले. 2003 मध्ये तो जुडास प्रीस्टमध्ये परतला.

नोव्हेंबर 2022 मध्ये लॉस एंजेलिसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात जुडास प्रीस्टचा गौरव झाला. बँडमधला समलैंगिक तो मीच, अशी आपली ओळख हॅलफर्डने हसत हसत करून दिली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. बँडने त्या रात्री तीन गाणी सलग वाजवली. दोन 1980 ची होती आणि एक 1982 चे.