सहल दसऱ्याच्या आधी सुरू होते

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. आमच्या सहली सुरुवातीला वेरूळ, पैठण, औंढा नागनाथ एवढ्यावरच फिरत असत. पुढे त्या हैदराबाद, हंपी, अमृतसर, श्रीहरिकोटा अशा लांबल्या, आणि तालुक्यातल्या काही शाळांनी मिळून बावीस मुले एकदा सिंगापूरलाही नेली. परराज्यात किंवा परदेशात मुले न्यायची झाल्यास शाळेने काय तयारी करावी, यावर बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. मी मराठवाड्यातल्या शाळांपुरतेच बोलणार आहे, कारण शहरातल्या मोठ्या शाळांचे वेळापत्रक निराळे असते आणि आपले निराळे.

आपले वेळापत्रक ऊस, सोयाबीन आणि कापूस ठरवतात. सहलीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, आणि नेमके याच दिवसांत बीड, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेले असतात. मूल आजीजवळ असते आणि संमतीपत्रावर सही हवी असते वडिलांची. एका वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलाचे वडील बेळगावकडच्या फडात होते. मुकादमाच्या फोनवर निरोप गेला, त्यांनी कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो पाठवला, आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या प्रस्तावाला जोडायला तो फोटो चालणार नाही, हे आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळले. ते मूल त्या वर्षी राहिले. मुलगा काही बोलला नाही. सहलीच्या दिवशी सकाळी फाटकाजवळ येऊन उभा राहिला आणि बस गेल्यावर घरी गेला. तेव्हापासून आमच्या शाळेत नियम झाला, की सहलीचे सगळे कागद ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या आधी, पालकांच्या प्रत्यक्ष सहीने पूर्ण व्हायचे. मग सहल जानेवारीत असो की मार्चात.

पैशांचेही तसेच आहे. जूनमध्ये पेरणीसाठी कर्ज काढणाऱ्या घराकडे सहलीचा पहिला हप्ता मागणे म्हणजे त्या मुलाचे नाव आपल्याच हाताने खोडणे होय. सोयाबीन बाजारात गेल्यावर एक हप्ता आणि कापसाची पहिली वेचणी विकल्यावर दुसरा, अशी आखणी केली तर यादीत फक्त नोकरदारांची मुले उरत नाहीत. पैसे रोखीने वर्गशिक्षकाच्या खिशात गोळा करू नयेत. शाळेच्या नावाने वेगळे खाते उघडावे आणि प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी. प्रवास, मुक्काम, जेवण, प्रवेशशुल्क आणि विमा यांचे आकडे वेगवेगळे लिहून पालकसभेत वाचून दाखवावेत. एकूण रक्कम एकदम ऐकली की पालक गप्प बसतात. तोच आकडा फोडून सांगितला की ते प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांमुळे आमचे दोन अंदाज तरी सुधारले आहेत.

परराज्य म्हटले की आपल्याला फार दूरचे काहीतरी वाटते, पण उदगीरच्या किंवा देगलूरच्या माणसाला कर्नाटकातले बीदर परके नाही. पहिली परराज्य सहल जवळचीच असावी, असे माझे मत आहे. बीदरचा किल्ला आणि महमूद गावानचा पंधराव्या शतकातला मदरसा पाहिलेल्या मुलाला बहमनी राज्य पुस्तकात पुन्हा भेटते, आणि गोवळकोंडा पाहिल्यावर १७ सप्टेंबर १९४८ ही हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्याची तारीख आपल्या गावात झेंडावंदनाची का आहे, हे त्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. जवळच्या सहलीत मुलांची एका रात्रीची सवय होते आणि शिक्षकांचीही परीक्षा होते. जो शिक्षक बीदरमध्ये रात्री दहाला झोपतो, त्याला अमृतसरला नेऊ नये.

लांबच्या प्रवासासाठी खासगी बसपेक्षा रेल्वे बरी. बसच घ्यायची झाल्यास तिचा अखिल भारतीय पर्यटन परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांच्या तारखा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, दोन चालक मागावेत आणि रात्रीचा प्रवास ठेवू नये. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे पूर्वी चार महिने आधी हातात असलेली खात्री आता दोनच महिने आधी मिळते, आणि मुक्कामाची आगाऊ रक्कम मात्र त्याआधीच भरावी लागते. चाळीस मुलांची तिकिटे एका अर्जावर सहा अशी सुटी काढत बसू नयेत. स्थानकाच्या वाणिज्य विभागाकडे गटाच्या आरक्षणाचा अर्ज द्यावा आणि शैक्षणिक सहलीच्या सवलतीसाठी शाळेचे प्रमाणपत्र त्यासोबतच न्यावे.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आपल्या परभणी, जालना या स्थानकांवरून जाते आणि सुमारे दीड दिवस घेते. या गाडीत वाटेतल्या काही स्थानकांवर प्रवाशांना लंगर मिळतो. मुले ताटल्या घेऊन दाराशी गर्दी करतात आणि चहापाण्याच्या निमित्ताने फलाटावर उतरतात. एका मोठ्या स्थानकावर मी बेचाळीस मुले मोजली आणि आकडा बरोबर आला. गाडीला हिरवा दिवा मिळाला होता. का कोण जाणे, मी क्रमांक पुकारायला सांगितले आणि सतरा क्रमांकाला कुणीच ओ दिली नाही. माझ्या मोजणीतला बेचाळिसावा मुलगा आमच्या बॅगांवर बसलेला दुसऱ्याच एका कुटुंबातला होता. आमचा सतरावा पुढच्या डब्याच्या दारात ताटली हातात घेऊन उभा होता. एका शिक्षकाने धावत जाऊन त्याला आत ढकलले आणि स्वतः चढले, तेव्हा गाडी हलली होती. त्या दिवसानंतर मी डोकी मोजणे सोडून दिले. मुलाला घर सोडतानाच क्रमांक द्यावा, प्रत्येक वेळी मुलांनीच तो ओरडून सांगावा, आणि सोळा व अठरा क्रमांकांना सतराचा चेहरा माहीत असावा. दहा मुलांमागे एक शिक्षक आणि मुली असतील तर शिक्षिका, हे प्रमाण आम्ही कधी मोडले नाही.

आता एका गोष्टीवर मी थोडी जास्त थांबणार आहे, आणि ती म्हणजे पाणी.

८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी जलविद्युत प्रकल्पातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवलेली नाव उलटून सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुरुडेश्वरच्या समुद्रात कर्नाटकातल्या एका निवासी शाळेच्या ४ मुली गेल्या. या तिन्ही ठिकाणी घात रस्त्याने किंवा बसने केला नाही. घात पाण्याने केला.

आपल्या मुलांच्या बाबतीत ही भीती दुप्पट धरावी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन टँकरमागे धावलेल्या घरांतली मुले आपल्या वर्गात बसलेली असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही, कारण पोहायला विहिरीत पाणीच नव्हते. अशा मुलाने पहिल्यांदा समुद्र पाहिला की तो थांबत नाही. तो धावत सुटतो. पायाखालून सरकणारी वाळू, परतणारी लाट किंवा धरणाच्या खालच्या बाजूला एकाएकी वाढणारे पाणी त्याच्या अनुभवातच नसते. म्हणून समुद्रकिनारी आम्ही भरतीच्या रेषेच्या बरेच वर एक दोरी धरून उभे राहत असू आणि दोरीपलीकडे कोणीही, अगदी शिक्षकसुद्धा, जात नसे. मुलांना ते कडक वाटे. नावेत बसायचे झाल्यास प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आणि त्याचे बंद आपण स्वतः ओढून पाहिलेले, नाहीतर नाव परत पाठवायची. नावाड्याशी वाद घालायची लाज वाटत असेल, तर सहलीला दुसरे ठिकाण निवडावे.

परदेशाचा विचार करणाऱ्या शाळांना बहुधा पहिल्यांदा नेपाळ सुचतो, कारण तिथे पासपोर्ट लागत नाही. पण यात एक खोच आहे. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला नेपाळ प्रवासासाठी आधार कार्ड चालत नाही. शिक्षकांकडे पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवे, आणि १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र हवे. दहावीच्या एकाच वर्गात चौदा वर्षांचे आणि पंधरा पूर्ण झालेले, अशी दोन्ही मुले असतात. त्यामुळे जन्मतारखांची यादी करूनच कागदांची विभागणी करावी.

इतर देशांसाठी पासपोर्टला पर्याय नाही, आणि आपल्याकडे सहलीचे सर्वांत मोठे काम तेच होऊन बसते. टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे झाल्यापासून अर्जासाठी मुंबई-नागपूर गाठावे लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. अडचण अर्जाच्या आधीची असते. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे आणि जन्माच्या नोंदीवर तिसरे. विठ्ठल हे नाव इंग्रजीत एका कागदावर दोन 'टी' घालून तर दुसऱ्यावर एकच 'टी' घालून लिहिलेले मी पाहिले आहे. आडनावाच्या जागी वडिलांचे नाव आणि वडिलांच्या जागी गावाचे नाव आलेलेही पाहिले आहे. हे सगळे एकसारखे करून घ्यायला तीन-चार महिने सहज जातात. आईवडिलांकडे वैध पासपोर्ट असेल तर मुलाची पोलीस पडताळणी सहसा लागत नाही, पण आपल्या पालकांकडे पासपोर्ट असतो कुठे? म्हणून पडताळणीचा वेळ धरूनच चालावे, आणि अल्पवयीन मुलासाठीच्या जोडपत्रावर आईवडिलांच्या सह्या हव्यात म्हणजे पुन्हा तोच दसरा आला. सिंगापूर, थायलंड, मलेशिया यांसारख्या देशांत पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. अठराखालच्या मुलाचा पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षांचा असल्याने जुना पासपोर्ट असलेल्या मुलाकडेही तारीख पाहावी. विमानाचे तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच काढावे, हजेरीपटाप्रमाणे नव्हे.

विमा घेताना तो रुग्णालयाचा खर्च किती उचलतो, एवढेच पाहून थांबू नये. मूल दवाखान्यात राहिले आणि गट परतला, तर मागे थांबणाऱ्या शिक्षकाचा खर्च तो उचलतो का, हेही विचारावे. नियमित औषध घेणाऱ्या मुलाची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषध मूळ वेष्टनात असावे. सहल आयोजकाकडून परदेशाचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे आयोजकाने आगाऊ गोळा करायचा कर, कापला जातो, पण तो पालकाच्या आयकरात वळता होतो. त्यासाठी पालकाचा पॅन क्रमांक बरोबर द्यावा, एवढेच.

आणि खाऊ. आमची मुले सिंगापूरला निघाली तेव्हा दिवाळी नुकतीच झालेली होती. प्रत्येक आईने पिशवीत काही ना काही कोंबलेले: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, आणि अनारसे. अनारशाच्या एका अंगाला खसखस असते. खसखस सिंगापूरमध्ये आणि संयुक्त अरब अमिरातीतही बंदी असलेला पदार्थ आहे. ती अफूच्या बोंडातली बी आहे, हे आपल्या स्वयंपाकघरात कोणाच्या ध्यानीमनीही नसते. निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही बावीस पिशव्या उघडल्या. आठ डबे अनारशांचे निघाले. एका आजीने मला विचारले, "बाई, देवाला चालतंय, मग सरकारला का चालत नाही?" मला उत्तर देता आले नाही. ते अनारसे त्याच ओसरीवर वाटून संपवले. चिंगमची पाकिटेही बाजूला काढली, कारण तेही तिकडे नेता येत नाही. आणि लोणच्याची बाटली विमानात हाताशी ठेवायच्या सामानात शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकते, म्हणून ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत गेली.

रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी पालकांच्या गटावर एकच संदेश जावा, ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, त्यामुळे तिथे मुले झोपायला गेली तरी इथे दिवेलागण झालेली असे. दिवसभर छायाचित्रे टाकत राहिले की ज्या मुलाचा चेहरा दिसला नाही, त्याच्या घरी जेवण होत नाही.

परतताना बस गावात पोचायला हमखास उशीर होतो. मुलाला कोणाच्या ताब्यात दिले, ते नाव, नाते आणि वेळ वहीत लिहून सही घ्यावी. "जा रे, घर जवळच आहे" असे म्हणून सोडू नये. आमच्या अमृतसरच्या सहलीची बस रात्री दीड वाजता शाळेत आली. एकेचाळीस सह्या झाल्या आणि सतरा क्रमांकाचाच मुलगा उरला. त्याची आजी कंदील घेऊन दोन किलोमीटर चालत येत होती, म्हणून आम्ही दोन शिक्षिका त्याच्यासोबत पायरीवर बसून राहिलो. तिने अंगठा उठवला तेव्हा वहीत वेळ लिहिली, दोन वाजून वीस मिनिटे.

नमस्कार.